हाड म्हणायचं नाही

ताई: गेला ना कुत्रा पुन्हा पलंगाखाली? तुला शंभरदा सांगितलं, चपला फटाफट वाजवत आत येऊ नकोस.

डॉक्टर: ताई, दवाखाना माझा आहे. माझ्याच दवाखान्यात मी चोरासारखा फिरू?

ताई: फिर की. चोर निदान कुणाची झोपमोड करत नाही.

डॉक्टर: सकाळी चांगला मागच्या दारात ऊन खात पडला होता. खिडकीतून पाहिला मी. दवाखाना उघडला की ह्याच्या अंगात काय येतं कोण जाणे. पहिला पेशंट दारात दिसला की हा थेट प्लास्टरच्या खोलीत, पलंगाखाली, भिंतीला चिकटून.

ताई: पेशंटांना घाबरतो.

डॉक्टर: पेशंट बिचारे आधीच मोडलेले. कुणाचा हात गळ्यात, कुणाचा पाय वर. त्यांना कोण घाबरणार? बरं ऐक, जाड्याचा फोन आला होता.

ताई: काय म्हणतो तुझा गुरांचा डॉक्टर?

डॉक्टर: प्राण्यांचा म्हण गं. हॉस्टेलवर एका खोलीत काढलीत वर्षं आम्ही. ऑपरेशन झकास केलंय त्यानं. सळई नीट बसली, प्लास्टरही निघालं. आता औषध एकच. रोज तो पाय हातात धरायचा, हळूहळू वाकवायचा, हळूहळू सरळ करायचा. नाहीतर गुडघा आखडून बसणार.

ताई: आणि बसला आखडून तर?

डॉक्टर: तर पाय नुसता फरफटत राहणार. घासून जखम होणार, चिघळणार, आणि एक दिवस जाड्यालाच तो कापावा लागणार.

ताई: अगं बाई! मग त्यालाच सांग ना रोज येऊन वाकवायला. मित्र कशाला असतात?

डॉक्टर: हात लावू देतो का हा? भूल देऊन वाकवला तेवढाच. जाड्या म्हणाला, आता बास. रोज भूल दिली तर पाय वाचेल आणि कुत्रा जाईल. जागेपणी व्हायला हवं, आणि ह्याच्या राजीखुशीनं.

ताई: राजीखुशीनं! तुझ्या हातात एका तरी पेशंटनं राजीखुशीनं पाय दिलाय का आजवर?

डॉक्टर: देतात की.

ताई: बोंबलत देतात. बाहेर ऐकू येतं मला. आणि गल्लीत काय चाललंय ठाऊक आहे? दूधवाला दात काढून सांगत होता, हाडांच्या डॉक्टरांचा कुत्रा लंगडा. दिव्याखाली अंधार म्हणे.

डॉक्टर: हसू दे त्यांना. हसण्याचं मला काही नाही. पण ताई, माझ्या फाटकासमोर गाडीनं उडवला त्याला. एवढा रस्ता मोकळा होता, तो कुठे गेला नाही. सरपटत माझ्याच पायरीवर आला. आता माझ्याच घरात त्याचा पाय गेला, तर मी दारावरची पाटी उतरवून ठेवीन. खरंच सांगतो.

ताई: पाटीला हात लावू नकोस. आधी जरा खाली बस. असं उंचावरून वाकून बोललास तर मीसुद्धा पलंगाखाली जाईन.

डॉक्टर: बसलो. आता ते मटणाच्या सुपातलं आण. ठेवलं होतंस ना बाजूला? लाच दिली की भलेभले विरघळतात, हा तर कुत्रा. आण इकडे. ए राजा! बघ काय आणलंय तुला! हाड! ये, हाड घे! हाड, हाड!

ताई: अरे, अरे, अरे! दार लाव आधी! गेला प्लास्टरच्या गोण्यांमागे. लादी भिजवली बघ. कसा थरथरतोय रे, पानासारखा.

डॉक्टर: मी काय केलं आता? लाडानंच बोललो ना?

ताई: काय बोललास?

डॉक्टर: हाड घे म्हटलं.

ताई: पुन्हा म्हण.

डॉक्टर: हाड घे. बहिरी झालीस का?

ताई: अरे कर्मा माझ्या! छोट्या, जरा त्याच्या कानांनी ऐक. रस्त्यावर वाढलेला जीव तो. ज्याच्या दारात गेला असेल त्यानं काय म्हटलं असेल त्याला? या, बसा, चार घास खा?

डॉक्टर: ...हाड.

ताई: हाड! आणि हाडच्या मागोमाग?

डॉक्टर: दगड.

ताई: नाहीतर काठी. आणि तू पठ्ठ्या सकाळपासून काय घोकतोस? हाड सरकलंय, हाड तडकलंय, काळजी नको, हाड जुळेल. तेही भोंगा गिळल्यासारखा. आतमध्ये तो बिचारा म्हणत असेल, किती हाकलतोय हा माणूस मला! सकाळी सुरू होतो तो थांबतच नाही.

डॉक्टर: अरे देवा. आणि येणारा प्रत्येक पेशंट काठी घेऊन येतो.

ताई: काठी, कुबडी, वॉकर. त्याच्या हिशेबानं आपल्याकडे रोज गुंडांची टोळी जमते आणि तू त्यांचा म्होरक्या.

डॉक्टर: म्हणजे मी दिवसभर प्लास्टर घालत होतो आणि तोंडानं त्याला...

ताई: हाडतूड करत होतास. आता असा चेहरा पाडू नकोस. कळलं ना, मग झालं. आजपासून हा शब्द ह्या घरात बंद.

डॉक्टर: बंद? अगं मी हाडांचा डॉक्टर आहे!

ताई: श्श्!

डॉक्टर: मी... त्यांचा डॉक्टर आहे. न्हाव्याला म्हणावं केस शब्द काढू नकोस, तशातली गत. पेशंटला सांगू काय, काय मोडलंय ते?

ताई: अस्थी म्हण. शुद्ध शब्द आहे, भारदस्त आहे, आणि कुत्र्याला येत नाही.

*

मास्तर: ताई, येऊ का आत? तुमच्या भावाचं डोकं ठिकाणावर आहे ना आज? बाहेर एक बाई हमसून हमसून रडतायत.

ताई: या मास्तर, बसा. पाय वर घ्या. काय सांगू तुम्हाला!

डॉक्टर: मी सांगतो. त्यांच्या यजमानांच्या मनगटाचा फोटो अजून आला नव्हता. मी धीर दिला. म्हटलं, घाबरू नका, यजमानांच्या अस्थी उद्या दुपारी दाखवतो.

मास्तर: शाबास!

डॉक्टर: यजमान शेजारी बसून बिस्कीट खात होते हो! तरी बाई रडायच्या थांबेनात. म्हणे, डॉक्टरांना दिसलं असणार काहीतरी.

मास्तर: पण साधं हाड म्हणायला काय धाड भरली होती तुला?

ताई: श्श्! मास्तर, हळू!

मास्तर: काय? डाव्या कानानं ऐकू येत नाही मला, उजवीकडून बोला.

ताई: तो शब्द म्हणायचा नाही! कुत्रं घाबरतं!

मास्तर: काय, हाड म्हणायचं नाही? हाडांच्या दवाखान्यात हाड म्हणायचं नाही?

डॉक्टर: झालं. पाणी पीत होता, आता संध्याकाळपर्यंत बाहेर येत नाही तो.

मास्तर: अरेरे. मी त्याला नाही रे म्हटलं. बाळा, तुला नाही हो! मी आपला व्याकरणाच्या अंगानं बोलत होतो.

ताई: आणि मास्तर, रागावू नका, पण ती काठीही जरा बाकाखाली आडवी ठेवा. तुम्ही ती आपटत आलात की त्याच्या काळजाचं पाणी होतं.

मास्तर: काठी? ताई, हा घोटा गेल्यापासून ती माझा तिसरा पाय आहे.

ताई: तुमचा तिसरा घटकाभर खाली राहू द्या. त्याचा चौथा वाचवायचाय.

मास्तर: असं म्हणता? मग ठेवलीच. ही बघा, झोपवली. आणि डॉक्टर, तुझ्या शब्दाचं म्हणशील तर, शाळेत मी काय शिकवलं होतं? कर्ता ठाऊक असेल तर तो गाळता येतो. त्याला काय म्हणतात?

डॉक्टर: मास्तर, पेशंट खोळंबलेत.

मास्तर: काय म्हणतात?

डॉक्टर: अध्याहृत.

मास्तर: बरोबर! तू मनगट हातात धरलंयस, फोटो समोर लावलायस. मग कशाला शब्द हवा? तुटलंय म्हण. जुळेल म्हण. काय तुटलंय हे त्या माणसाला तुझ्याहून चांगलं माहीत असतं.

डॉक्टर: तुटलंय. जुळेल. खरंच की!

मास्तर: हुशार होतास तू. फक्त घाई फार. गणितात उत्तर बरोबर आणि पायऱ्या गायब. किती मार्क कापले मी तुझे!

ताई: अजून तसाच आहे. पायऱ्या चढतच नाही, थेट गच्चीवर.

*

ताई: दाखव तो हात. नीट दाखव, पाठीमागे काय लपवतोस? साबणानं धुतलास?

डॉक्टर: धुतला. इंजेक्शनही घेतलं. ओरखडाच आहे नुसता. जाड्यानं त्याला आल्या आल्याच लस टोचलीय, तू घाबरू नकोस.

ताई: मी त्याची चौकशी करतेय. मी गॅस बंद करायला गेले, तेवढ्यात तू काय केलंस त्याला?

डॉक्टर: काही नाही.

ताई: छोट्या.

डॉक्टर: छान बाहेर आला होता गं. तो शब्द बंद केल्यापासून रोज थोडा थोडा येतोच आहे. आज माझ्या तळहातावरचं बिस्कीट खाल्लं. जीभ लागली हाताला, गरम. मला इतका आनंद झाला, म्हटलं, हीच वेळ.

ताई: आणि धरलास पाय.

डॉक्टर: सांगून धरला. एक, दोन, तीन म्हणून...

ताई: आणि दोनलाच ओढलास! खरं सांग.

डॉक्टर: हाताला सवय आहे ताई. तीन म्हटलं की माणूस अंग आवळून घेतो. दोनला ओढलं की कळायच्या आत काम होतं. आयुष्यभर असंच करत आलो. कुणाचं वाईट झालं?

ताई: वाईट नाही झालं. पण एकदा तुझ्या हाताखालून गेलेला माणूस पुढच्या खेपेला एक म्हणताच किंचाळतो, ते ऐकलंयस? माणूस असतो म्हणून विसरतो. घरी जाऊन म्हणतो, फसवलं खरं, पण भल्यासाठी. ह्याला ते कोण समजावणार? त्याला एवढंच कळलं, बिस्कीट दिलं ते धरण्यासाठी.

डॉक्टर: बोल, अजून बोल. माझंच चुकलं.

ताई: बोलतेच आहे.

डॉक्टर: मला नाही जमायचं हे. लोक माझ्याकडे येतात ते दुखतं म्हणून. मी आवडो न आवडो, त्यांना यावंच लागतं. ह्याला तसं काही नाही. ह्याला वाटलंच तर येणार. असं कुणी माझ्याकडे कधी आलंच नाही गं. मला येत नाही, कुणाला आपल्याकडे आणायला.

ताई: वेडा आहेस. इकडे बघ. त्यानं ठरवलं असतं तर तुझ्या बोटांचा चुराडा केला असता. त्यानं नुसता दात लावला. सोड म्हणाला तुला, त्याच्या भाषेत. इतक्या सभ्यपणे तर तुझे पेशंटही बोलत नाहीत.

डॉक्टर: सोड म्हणाला?

ताई: मग! त्यानं आपलं म्हणणं सांगितलं. तू ऐकतोस का, एवढंच बघायचंय त्याला. सोड म्हटलं की सोडायचं. लगेच. काम अर्धं राहिलं तरी.

डॉक्टर: आणि गुडघा? तो आखडतोय ताई, दिवसागणिक घट्ट होतोय. चालताना बघतो ना मी. मला झोप लागत नाही.

ताई: मलाही लागत नाही. पण घाईनं आपण त्याला आणखी पलंगाखाली घालू. तू त्याच्या मागे जाऊ नकोस. तू खाली बस, तुझं काम कर, आणि एक हात असा लादीवर मोकळा ठेव. त्याला तुझी काळजी वाटू दे जरा.

डॉक्टर: खाली बसून पेशंट तपासू?

ताई: घोटे, गुडघे, तळपाय, सगळं खालीच असतं की. माणसाला बाकावर बसव आणि तू जमिनीवर. डॉक्टरकी काही खुर्चीत नसते.

*

मास्तर: वर्गात मी तुला बाकावर उभा करायचो. आज तू मला बाकावर बसवलंस आणि स्वतः जमिनीवर. फिटंफाट झाली म्हणायची.

डॉक्टर: पाय सैल सोडा मास्तर. आता घोटा फिरवणार आहे. दुखलं की थांब म्हणा, मी थांबेन.

मास्तर: कोण, तू? थांबशील?

डॉक्टर: म्हणून तर बघा.

मास्तर: हं... हं... थांब! अरेच्चा, थांबला की हा! ताई, तुमचा भाऊ थांबला!

ताई: मास्तर, आता हलू नका. छोट्या, तूही नको. मान वळवू नकोस.

डॉक्टर: का? काय झालं?

ताई: तो दारात आलाय.

डॉक्टर: दवाखाना चालू असताना?

ताई: चालू असताना. बाहेर कुबड्या खडखडतायत, तरी. आत आला. थांबला. हुंगतोय. छोट्या, तो हात आहे तसाच ठेव, बोटं हलवू नकोस.

डॉक्टर: माझं काळीज हलतंय, त्याला काय करू?

ताई: बाकाखाली आला. मास्तरांच्या काठीपाशी. अगं बाई, काठीवरून आला! ओलांडून आला रे!

मास्तर: काय कुजबुजताय दोघं? डाव्या बाजूनं बोलू नका! माझ्या घोट्याचं हाड जुळलं की नाही, ते मोठ्यानं सांगा!

(बाहेर कुबडीचा एक ठोका ऐकू येतो.)

ताई: नाही गेला.

डॉक्टर: कान हलला फक्त. ताई, नुसता कान हलला! इथेच आहे. माझ्या मांडीला टेकून बसलाय.

मास्तर: अरे, माझ्या तोंडून तो शब्द गेला की काय? जीभ झडो माझी. माफ कर हं बाळा...

ताई: मास्तर, गप्प बसलात तर बिस्कीट देईन.

मास्तर: त्याला?

ताई: तुम्हाला!

डॉक्टर: श्श्. काय रे राजा? आलास? बरं केलंस. आडवा होतोस? हो बाबा, जागा आहे. पाय बघू का जरा? नुसता हात खाली धरतो. असा. आता उचलतो... नको? सोडला. हा बघ, सोडला. काही नाही, हात तुझ्यासमोरच आहे.

ताई: किती पटकन सोडलास रे!

डॉक्टर: आवळला त्यानं. मला कळलं. ताई, माझ्या हाताला कळलं ते. राहू दे, आज एवढंच पुष्कळ झालं. मांडीपाशी आला, माझं पोट भरलं. उद्या... ताई! ताई, बघतेस का?

ताई: बघतेय. माझ्या डोळ्यांवर विश्वास बसत नाहीये.

डॉक्टर: आणून ठेवला! मी काही केलं नाही, शपथ! त्यानं आपण होऊन पाय माझ्या हातात आणून ठेवला. तोच पाय. मोडलेला!

मास्तर: मला दिसत नाही, कुणीतरी सांगा रे! काय ठेवला?

ताई: पाय ठेवला मास्तर, पाय! डॉक्टरांच्या हातात!

मास्तर: मग आता घाई नको हं! एकेक पायरी!

डॉक्टर: नाही करत. ऐक राजा, आता वाकवतो. एक. दोन. बघ, दोनला काही नाही केलं. तीन. आता. हळू... हळू... येतोय. ताई, येतोय गं! दांडक्यासारखा ताठ होता, आता येतोय. दुखलं? थांबलो. थांबलोय मी. आता? चालेल? हळू... वाकला!

ताई: वाकला?

डॉक्टर: वाकला! गुडघा वाकला! आखडलेला नाही, नुसता धरून ठेवला होता त्यानं, भीतीनं! लोण्यासारखा फिरतोय आत. हा पाय जात नाही. हा पाय कुठेही जात नाही आता. रोज वाकवला की पळेल, ताई, पळेल हा!

मास्तर: शाबास रे पठ्ठ्या! पैकीच्या पैकी! एकही मार्क कापत नाही!

ताई: आणि रडतोयस काय असा? बाहेरचा अख्खा बाक बघतोय दारातून.

डॉक्टर: रडतोय तर रडतोय. बघू दे अख्ख्या बाकाला. जाड्याला फोन लाव. म्हणावं, सुरी ठेव कपाटात आणि गिळायला ये. नाही, थांब, मी सांगीन. मलाच सांगायचंय.

ताई: सांग हो, तूच सांग. मी आता गल्लीत जाऊन दूधवाल्याला गाठते. त्याचे दात मोजून येते. हाडांच्या डॉक्टरांचा कुत्रा लंगडा म्हणे! अगं बाई, मीच म्हटलं की आता!

डॉक्टर: म्हण. कितीही वेळा म्हण. त्याचं लक्षच नाही.

ताई: हो रे. तुझ्याकडेच बघत होता. आता डोळे मिटले त्यानं.

मास्तर: माझ्या घोट्याचं मात्र कुणी काही सांगितलं नाही.

डॉक्टर: जुळलाय मास्तर. झक्कास जुळलाय.

ताई: बरं, बाहेर माणसं खोळंबलीत. त्या मनगटवाल्या यजमानांना पाठवू का आत?

डॉक्टर: पाठव. पण त्यांना म्हणावं, हळू या, आणि मला आज तपासायला हात एकच आहे. दुसऱ्यात पाय ठेवून हा झोपलाय.